स्मरणशक्ती तपासणी शिबिर घेताय? या चुका टाळा

ज्येष्ठांसाठी शिबिर ठरलं की रक्तदाब, साखर आणि डोळ्यांच्या जोडीला स्मरणशक्तीच्या तपासणीचंही टेबल मांडावं, असं आयोजकांना वाटतं. गरज खरीच आहे. लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आहे. घरात मात्र ‘वय झालं’, ‘म्हातारचळ लागला’ एवढ्यावर विषय मिटतो. पण घाईघाईत उरकलेली चाचणी दोन्हीकडून नुकसान करते. धडधाकट माणसाच्या जिवाला घोर लागतो आणि खरा रुग्ण ‘सगळं ठीक आहे’ ऐकून घरी जातो.

सरसकट सगळ्यांना रांगेत बसवणं

समजा, साठीपुढच्या १००० जणांची चाचणी घेतली. वरच्या हिशेबाने त्यांत ७४ रुग्ण असतील. चाचणी शंभर रुग्णांपैकी ८० जणांना पकडते आणि शंभर निरोगी माणसांपैकी ८५ जणांना बरोबर वगळते, असं धरू. मग ५९ रुग्ण सापडतील, १५ निसटतील आणि ९२६ निरोगी माणसांपैकी १३९ जणांवर उगाच संशय येईल. म्हणजे ‘संशयित’ ठरलेल्या १९८ जणांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांना हा आजार नसेलच. चाचणी वाईट आहे म्हणून हे होत नाही. आजार नसलेले लोक संख्येने कितीतरी जास्त असतात, म्हणून होतं. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानेही २०२० मध्ये हेच सांगितलं होतं: कुठलीही लक्षणं नसलेल्या ६५ वर्षांपुढच्या लोकांची सरसकट तपासणी करा किंवा करू नका, असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही.

म्हणून चाचणी निवडक लोकांचीच घ्यावी. ज्यांना स्वतःला किंवा घरच्यांना बदल जाणवतोय, ज्यांना पक्षाघात होऊन गेला आहे, जे औषधं दोनदा घेतात किंवा चुकवतात, बँकेच्या व्यवहारात ज्यांच्या नव्याने चुका होऊ लागल्या आहेत, अशांना आधी बोलवा. बाकीच्यांचा रक्तदाब, साखर, कान आणि डोळे तपासा. प्रतिबंधाच्या दृष्टीने त्यांना त्याचाच जास्त उपयोग आहे.

चाचणी घेतानाच्या चुका

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर.

साखरेसाठी रक्त द्यायचं म्हणून बरेच जण सकाळी उपाशीपोटी येतात. त्याच अवस्थेत त्यांना स्मरणशक्तीच्या टेबलावर बसवलं जातं. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर उतरलेली असली तर तो गोंधळतोच. आधी रक्त, मग नाश्ता, औषधं, थोडी विश्रांती, आणि त्यानंतर चाचणी हा क्रम पाळा.

कान आणि चष्मा आधी बघा. मंडपात लाऊडस्पीकर सुरू असताना सांगितलेले शब्द ऐकूच आले नाहीत, तर ते आठवणार कुठून? कानात मळ साचला आहे का ते पाहा. श्रवणयंत्र असेल तर ते लावलेलं आणि सुरू आहे याची खात्री करा, जवळचा चष्मा लावायला सांगा. तपासणीसाठी दार लावता येईल अशी वेगळी खोली हवीच. रांग टेबलाला चिकटून असेल तर पाचव्या माणसापर्यंत शब्द पाठ झालेले असतात. ‘अहो बाबा, सांगा ना, आज सोमवार नाही का’ म्हणणारी मुलगी किंवा सूनबाई शेजारी बसली असेल तर उत्तर तिचं असतं. तिच्याशी बोलायचं आहेच, पण नंतर आणि वेगळं.

शिबिरात मिनी-कॉग ही छोटी चाचणी सोयीची पडते. तीन शब्द सांगायचे, ते लगेच म्हणवून घ्यायचे, मग कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगायची आणि शेवटी तेच तीन शब्द विचारायचे. प्रत्येक आठवलेल्या शब्दाला १ गुण, बरोबर घड्याळाला २, एकूण ५. तीनपेक्षा कमी गुण मिळाले तर पुढची तपासणी लागते. इथे दोन चुका नेहमीच्या. शब्द आयत्या वेळी मनाने ठरवले की ‘चहा, कप, बशी’ असे एकमेकांना धरून असलेले शब्द निघतात आणि पहिला आठवला की उरलेले आपोआप येतात. चाचणीच्या प्रमाणित यादीतलेच शब्द घ्या आणि याद्या आलटून पालटून वापरा. दुसरी चूक म्हणजे ‘आजींना घड्याळ जमणार नाही’ म्हणून तो भाग गाळून लगेच शब्द विचारणं. घड्याळ काढण्यात मन गुंतलं की शब्द मनातल्या मनात घोळवता येत नाहीत. हा मधला भाग गेला की आजारी माणूसही पास होतो.

वेळही विचार करूनच निवडलेली आहे. दहा मिनिटं दाखवायला मिनिटकाटा २ या आकड्यावर न्यावा लागतो, पण ‘दहा’ ऐकून हात १० या आकड्याकडे ओढला जातो. ती ओढ आवरणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम आहे. तपासणाऱ्याने सोपं जावं म्हणून ‘तीन वाजले असं दाखवा’ म्हटलं की ही पारख हातची जाते.

शाळेचं काय? ज्या आजींनी आयुष्यात पेन्सिल धरली नाही, त्यांना घड्याळ काढता आलं नाही तर त्यावरून त्यांच्या मेंदूबद्दल काहीच कळत नाही. एमएमएसई या दुसऱ्या एका प्रचलित चाचणीत ३० पैकी २४ गुण ही संशयाची रेषा म्हणून वापरतात. ती शिकलेल्या लोकांवरून आली आहे आणि निरक्षर माणसाला ती जशीच्या तशी लावणं अन्यायाचं आहे. मोका या तशाच आणखी एका चाचणीत बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर १ गुण वाढवून देतात, पण दुसरी नापास आणि बारावी पास यांच्यातलं अंतर एका गुणात भरून निघत नाही. हरियाणातल्या बल्लभगढ भागात नव्वदच्या दशकात तयार झालेल्या हिंदी मानसिक स्थिती चाचणीने यावर वाट काढली. ‘डोळे मिटा’ ही सूचना वाचायला लावण्याऐवजी तपासणारा स्वतः डोळे मिटतो आणि ‘मी करतो तसं करा’ म्हणतो. वाक्य लिहायला लावण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायला लावतो. मराठीत चाचणी घेतानाही असंच भान ठेवा. तारखेऐवजी वार, महिना किंवा सण सांगणाऱ्या माणसाला काळाचं भान असू शकतं, हे टिपणात लिहा. मात्र प्रमाणित मराठी आवृत्ती असेल तर प्रश्न स्वतःच्या मनाने बदलू नका. प्रश्न बदलले की त्या गुणांची रेषाही लागू राहत नाही.

आणि तीच चाचणी आठ-पंधरा दिवसांत पुन्हा घेऊ नका. सरावाने गुण वाढतात आणि घरच्यांना वाटतं, औषध लागू पडलं.

फक्त रुग्णालाच विचारणं

आजार वाढत गेला की बऱ्याच रुग्णांना आपलं काही बिनसलंय याची जाणीवच राहत नाही. त्यामुळे घरातल्या माणसाचं म्हणणं चाचणीइतकंच मोलाचं असतं. आशाताई आजारांचा धोका ओळखण्यासाठी भरतात त्या सीबीएसी अर्जात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न चांगला आहे, पण पत्ता विसरण्याची वेळ येईपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो, आणि उत्तर त्याच माणसाकडून घेतलं तर ‘नाही’ येण्याची शक्यता मोठी. तिथेच घरच्यांना आणखी चार गोष्टी विचारल्या तर रुग्ण लवकर सापडतील. रोजच्या स्वयंपाकात मीठ दोनदा पडतं का? रेशनच्या दुकानातून परतताना पैशांचा हिशेब चुकतो का? वर्षानुवर्षं केलेल्या पूजेचा क्रम हुकतो का? ओळखीच्या एसटी स्टँडवर गाडी सापडत नाही का? प्रत्येक उत्तर ‘दोन वर्षांपूर्वी कसं होतं?’ या प्रश्नाशी ताडून पाहा. आधीपासून हिशेबात कच्च्या असलेल्या माणसाची चूक वेगळी आणि दुकान चालवलेल्या माणसाची वेगळी.

दुसऱ्याच आजाराला स्मृतिभ्रंश समजणं

बदल तासा-दोन तासांत किंवा दोन-तीन दिवसांत आला असेल, माणूस कधी शुद्धीत तर कधी बरळतोय असं असेल, तर तो भ्रम, म्हणजे डिलिरियम असू शकतो. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, मोडलेल्या हाडाची शस्त्रक्रिया अशी कारणं त्यामागे असतात. अशा माणसाची स्मरणचाचणी घेत बसू नका. त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

नैराश्यात माणूस प्रयत्न न करताच ‘मला नाही आठवत’ म्हणतो, झोप आणि भूक बिघडलेली असते. थायरॉइड मंदावणं आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांची रक्ततपासणी प्रत्येक संशयित रुग्णात व्हायलाच हवी. शाकाहारी माणूस वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असेल तर बी-१२ कमी असण्याची शक्यता वाढते. मात्र पातळी न तपासता ‘ताकदीची इंजेक्शनं’ टोचून घेतली की मूळ कारण झाकलं जातं. पडल्याला काही आठवडे उलटल्यावर सुस्ती आणि विसराळूपणा आला, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असताना, तर मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलेलं असू शकतं. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं आणि त्यावर उपचार होतो.

औषधांची पिशवी सोबत आणायला सांगा. चिठ्ठी पुरत नाही, कारण दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या चिठ्ठीवर नसतात. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामीन, झोपेसाठी अल्प्राझोलाम, थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल, नसांच्या दुखण्यासाठी ॲमिट्रिप्टिलीन ही वृद्धांची स्मरणशक्ती मंदावणारी औषधं त्या पिशवीत हमखास सापडतात. घरच्यांनी मात्र ती स्वतःहून एकदम बंद करू नयेत. झोपेची गोळी अचानक तोडली तर झटकेही येऊ शकतात.

प्रतिबंध सत्तरीत सुरू करणं

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरील आयोगाच्या २०२४ च्या अहवालात या आजाराची बदलता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. हा आकडा लोकसंख्येचा आहे. एका माणसाला ‘४५ टक्के खात्री’ देणारा नाही. कमी शिक्षणाचा परिणाम बालपणात सुरू होतो. रक्तदाब, एलडीएल (वाईट) कोलेस्टेरॉल, मधुमेह, लठ्ठपणा आणि ऐकू कमी येणं यांचं नुकसान चाळिशी-पन्नाशीत साचत जातं. म्हणजे स्मृतिभ्रंश टाळण्याचा खरा लाभार्थी शिबिरात आजोबांना घेऊन आलेला मुलगा आहे. त्याचाही दंड रक्तदाबाच्या पट्ट्यात घ्या.

रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा वाढून येतो. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. मध्यम वयापासून वरचा आकडा १३० किंवा त्याखाली ठेवावा असं आयोगाचं म्हणणं आहे. गोळीने रक्तदाब ‘नॉर्मल’ आला की गोळी सोडणं ही आपल्याकडची अगदी घरोघरची चूक. वयस्कांत उभं राहिल्यावरही मोजा. वरचा आकडा २० ने घसरत असेल तर पडण्याचा धोका आहे आणि डॉक्टरांनी औषध पुन्हा जुळवायला हवं.

श्रवणयंत्र घेतलं आणि आवाज कर्कश वाटला म्हणून आठवड्यात कपाटात ठेवलं, असं फार होतं. सुरुवातीला शांत घरात रोज एक-दोन तास लावून हळूहळू वेळ वाढवावी आणि जुळवणीसाठी दोन-तीनदा ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) जावंच. मोतीबिंदू ‘पिकू द्या’ म्हणून थांबू नका. दुचाकीवर मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावं, कारण डोक्याला मार लागणं हेही त्या १४ कारणांपैकी एक आहे.

स्मरणशक्तीच्या गोळ्या-टॉनिकांवर खर्च करू नका. गिंको या झाडाच्या अर्काचा अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांवर अभ्यास झाला. रोज २४० मिलिग्रॅम घेऊनही स्मृतिभ्रंश कमी झाला नाही. तो पैसा श्रवणयंत्राकडे वळवा.

संशय आला आणि पुढे काहीच नाही

शिबिरात ‘तुम्हाला अल्झायमर आहे’ असं कुणालाही सांगू नका. चिठ्ठीवर गुण, शिक्षण, कान-डोळ्यांची स्थिती आणि घरच्यांनी सांगितलेला बदल लिहा, आणि कुठे, कोणत्या वारी, कुणाला भेटायचं ते नेमकं नोंदवा. जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागाची ओपीडी आधीच ठरवून ठेवा. पुढच्या तपासणीची सोय होत नसेल तर स्मरणशक्तीचं टेबल मांडूच नये. पंधरा दिवसांत प्रत्येक घरी फोन करून गेले की नाही ते विचारा.

सांभाळणाऱ्या माणसाची चौकशीही त्याच फोनवर करा. गोव्यातल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन माहिती आणि आधार दिल्यावर सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला होता. मनावरचा भार असह्य झाला तर टेली-मानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी एल्डरलाइनचा १४५६७ हे दोन्ही क्रमांक चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापून द्या.