जुना जीएसटी नंबर घाईने रद्द करू नका

नाशिकच्या सातपूर-अंबडमधला एकट्याच्या नावावरचा कारखाना प्रायव्हेट लिमिटेड करताय? कंपनीचा पॅन वेगळा, म्हणून जीएसटी नंबरही नवा लागतो. इथेच बरेच जण चुकतात. जुना नंबर आधी रद्द करतात आणि शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकतं. कष्टाचे पैसे आहेत हो ते! आधी नवा नंबर घ्या, मग जुन्या नंबरवरून क्रेडिट नव्या नंबरकडे वळवायचा आयटीसी-०२ फॉर्म भरा. त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं. नव्या कंपनीने पोर्टलवर ते क्रेडिट स्वीकारलं, की मगच जुना नंबर रद्द करायला टाका. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), बँकखातं हेही नवंच. प्लॉट एमआयडीसीचा असेल तर नावबदलाची परवानगी लागते. तो अर्ज सगळ्यात आधी करा.