बाहेरच्या ॲक्सेस पॉइंटचं वायफाय गायब झालं? आधी चॅनल बघा

एपीचा (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा) लाईट चालू, पिंगही होतंय (म्हणजे नेटवर्कवरून त्याचं उत्तर येतंय), पण मोबाईलवर ५ गीगाहर्ट्झचं नाव दिसत नाही आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतं, असं होत असेल तर लगेच शिडी लावून वर चढू नका, बऱ्याचदा घोळ चॅनलचा असतो.

१. एपीच्या सेटिंगमध्ये लॉगिन करून चॅनल बघा. ५२ ते १४४ मधला असेल तर तो डीएफएसचा (रडारसोबत वाटून वापरायचा), म्हणजे रडारसारखा सिग्नल जाणवला की एपीला तो सोडावाच लागतो, ३० मिनिटं तिथे परत येता येत नाही, आणि दुसरा डीएफएस चॅनल घेतला तर आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसतो. बाहेर उंचावर हे जास्त होतं.

२. एपीच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या यादीत) रडारची नोंद शोधा.

३. नोंद असेल तर चॅनलचं ऑटो सेटिंग काढा, डीएफएस नसलेला चॅनल फिक्स करा.

पिंगच होत नसेल तर मात्र पीओई (नेटवर्क केबलमधूनच एपीला मिळणारी वीज) आणि केबल तपासा, छोट्या चांगल्या केबलवर लावून बघितलं की लगेच कळतं.

फक्त चॅनल मिळावा म्हणून सेटिंगमधला देश बदलू नका, आणि निवडलेला चॅनल तुमच्याकडे बाहेर वापरायला चालतो ना ते बघून घ्या, काही देशांत ३६ ते ४८ फक्त घरातच चालतात.