पेंटाहोमधून क्यूबचे तयार आकडे कसे घ्यायचे

सोयाबीनच्या आवकेचा क्यूब (बाजार समिती, महिना अशा अंगांनी आकडे बघायची रचना, बेरीज-सरासरीच्या सूत्रांसकट) बनलेला असताना सुद्धा बरीच पोरं ईटीएलमध्ये (डेटा उचलून, बदलून दुसरीकडं भरायच्या कामात) परत कच्च्या पावत्यांवरून बेरजा मारायलीत, मग डॅशबोर्डवर एक भाव दिसतो अन् साहेबांच्या एक्सेलमध्ये दुसराच. बेरजेचं एक वेळ ठीक, सरासरीत हमखास घोळ होतो. समजा लातूरला ९०० क्विंटल ४५०० नी गेलं आणि उदगीरला १०० क्विंटल ४००० नी, तर दोन भावांची सरासरी ४२५० येते पण खरा भाव ४४५० आहे, कारण एकूण रकमेला एकूण क्विंटलनी भागायला पाहिजे. हे सूत्र क्यूबमध्ये एकदा बसवलेलं असतं, म्हणून तिथूनच उचला.

पेंटाहो हे ईटीएलचं टूल, त्याच्या स्पून या डिझायनरमध्ये नवीन ट्रान्सफॉर्मेशन (स्टेप्सची साखळी) उघडा. क्यूब मॉन्ड्रियनचा (पेंटाहोसोबतचं क्यूब इंजिन) असेल तर 'मॉन्ड्रियन इनपुट' स्टेप घ्या, तिला डेटाबेस कनेक्शन, स्कीमाची (क्यूबच्या रचनेची) एक्सएमएल फाइल आणि एमडीएक्स (क्यूबला प्रश्न विचारायची भाषा) क्वेरी लागते, बस. मायक्रोसॉफ्टचा एसएसएएस (त्यांचा क्यूब सर्व्हर) असेल तर 'ओलॅप इनपुट', त्यात एक्सएमएलएची (क्यूबशी एक्सएमएलमधून बोलायची पद्धत) यूआरएल, कॅटलॉग, युजर, पासवर्ड. इथं बरेच जण २३८३ पोर्ट टाकून बसतात आणि कनेक्शन काही होत नाही, कारण तो टीसीपीचा पोर्ट आहे आणि ही स्टेप एचटीटीपीवर बोलते, त्यामुळं सर्व्हरवर आयआयएसमध्ये (विंडोजचा वेब सर्व्हर) एमएसएमडीपंप डीएलएल (एचटीटीपीवरची विनंती एसएसएएसला पोचवणारी फाइल) सेट करून त्याचाच पत्ता द्यावा लागतो.

क्वेरीत कॉलमवर मेजर (मोजायचे आकडे, जसं क्विंटल, भाव) ठेवा, ओळींवर (रो) बाजार समिती आणि महिना, आणि नॉन एम्प्टी (NON EMPTY) लावाच, नाहीतर जिथं आवकच नाही तिथल्या रिकाम्या ओळींचा ढीग येतो. ओलॅप इनपुटमधून आकडे टेक्स्ट म्हणून येतात, म्हणून पुढं सिलेक्ट व्हॅल्यूज स्टेपच्या मेटाडेटा टॅबमध्ये नंबर करून घ्या, कॉलमची लांबलचक नावं पण तिथंच बदलता येतात.

आणि मॉन्ड्रियनवाल्यांनो, हे नीट बघा. मॉन्ड्रियन स्वतः काही साठवून ठेवत नाही, विचारलं की मूळ डेटाबेसवर एसक्यूएल मारतो, फक्त कॅशे (मेमरीतली तात्पुरती साठवण) तेवढा असतो. आधीच काढलेली बेरीज पाहिजे असेल तर अ‍ॅग्रीगेट टेबल (बेरजा साठवलेलं टेबल) बनवा आणि मॉन्ड्रियनच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये अ‍ॅग्रीगेटचे यूज आणि रीड दोन्ही ट्रू करा, डिफॉल्टला ते फॉल्स असतात, म्हणून टेबल बनवूनही स्पीडमध्ये काहीच फरक पडत नाही. रात्रीच्या जॉबमध्ये आधी फॅक्ट टेबल (कच्च्या पावत्यांचं मूळ टेबल) भरा, मग अ‍ॅग्रीगेट आणि त्यानंतरच ही स्टेप, नाहीतर कालचेच आकडे येतील.