जुन्या गाडीला सिरॅमिक कोटिंग? आधी पांढरं फडकं घ्या

पद्मिनी किंवा अँबेसिडरला सिरॅमिक कोटिंग (रंगाच्या रक्षणासाठी वरून लावायचा पारदर्शक थर) करायचंय? आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने थोडं पॉलिश घासून बघा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर वर क्लिअर कोट (रंगकामातला शेवटचा पारदर्शक थर) नाही, मूळ रंगच उघडा आहे. मग बफिंग, म्हणजे पॉलिशने घासून चमक आणणं, जपून. कडांवर रंग पातळ असतो, तिथे मशीन नकोच, हातानेच करा. कोटिंगने ओरखडे झाकले जात नाहीत, खालचा डाग तसाच आत अडकतो. गाडी नव्याने रंगवली असेल तर निदान महिनाभर थांबा. बेळगाव-खानापूरकडच्या पावसाळ्यात तर हे काम काढूच नका, दमट हवेत डाग उमटतात. दिवाळीनंतर करा, पहिले २४ तास पाणी लागू देऊ नका. गंज दिसला तर आधी पत्र्याचं काम. आणि फक्त सणावारी बाहेर निघणाऱ्या गाडीला, खरं सांगायचं तर, साधं वॅक्सही पुरतं.