गिटारच्या बॉडीला हिरड्याचा काळा रंग आणि जवसाचं तेल

काळी गिटार हवी म्हटलं की लोक स्प्रे मारून मोकळे होतात आणि लाकडाच्या रेषा कायमच्या झाकतात. मला ते पटत नाही. हिरड्याची पूड, व्हिनेगर आणि गंजणारं लोखंड एवढ्यात लाकूड आतून काळं करता येतं. हिरड्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, आणि टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळं होणारच. आपल्याकडे कापड रंगवणारे हे फार पूर्वीपासून करत आलेत.

बाटलीभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधे लोखंडी खिळे टाकून आठवडाभर ठेवा. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे किंवा भांड्यांची स्टेनलेस घासणी चालत नाही, गंजेल तेच घ्या. आत वायू तयार होतो, त्यामुळे झाकण घट्ट लावू नका. मग फडक्यातून दोनदा गाळा, हे झालं लोखंडाचं पाणी. आणि हो, हे काम शहाबादी फरशीवर नको. आम्ल सांडलं की चुनखडीचा दगड खरवडला जातो आणि घरचे बोलतात ते वेगळंच.

खरी मेहनत घासण्यात आहे. पिकअप्स (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग), ब्रिज (तारा खाली अडकतात तो भाग) सगळं काढा, जुना रंग असेल तर कोऱ्या लाकडापर्यंत या. १२०, १८०, २२० असे पॉलिश पेपर रेषेच्या दिशेनेच फिरवा. आडवा ओरखडा काळ्या रंगात दुप्पट उठून दिसतो. कडेला, शिंगांपाशी (नेकच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेली बॉडीची टोकं) लाकडाची तोंडं उघडी असतात, तिथे रंग जास्त शोषला जातो, म्हणून तेवढा भाग ४०० पर्यंत न्या. मग ओलं फडकं फिरवा. तंतू उभे राहतील. वाळल्यावर २२० ने हलक्या हाताने ते उतरवा. फेव्हिकॉल सुकून राहिलेला डाग असेल तर तो याच वेळी ओल्या लाकडावर फिकट दिसतो. तो खरवडून काढलाच पाहिजे, तिथे रंग धरत नाही.

आता अर्धा लिटर उकळत्या पाण्यात दोन मोठे चमचे हिरडा पूड घाला, गार झाल्यावर गाळून ब्रशने सगळीकडे लावा आणि वाळू द्या. महोगनीत स्वतःचं टॅनिन असतं. बासवूडसारख्या फिक्या लाकडाला मात्र हा हात दोनदा द्या. हातमोजे घालून वरून लोखंडाचं पाणी लावा. बघता बघता लाकूड राखाडी, मग निळसर काळं होत जातं. वाळल्यावर ते पाटीसारखं मळकट दिसेल. घाबरू नका, खरा काळा रंग तेलानंतर उघडतो. फिकट वाटलं तर दोन्ही हात पुन्हा द्या. शेवटी ओल्या फडक्याने पुसून एक पूर्ण दिवस वाळवा. यानंतर पॉलिश पेपर लावायचा नाही, कडा लगेच पांढऱ्या पडतात.

पेंटच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड, म्हणजे लवकर वाळणारं जवसाचं तेल, मागा. खायचं जवसाचं तेल वाळायला फार दिवस घेतं. पहिल्या हातासाठी त्यात निम्मं टर्पेंटाइन मिसळा. फडक्याने चोळा, वीस मिनिटांनी जादा तेल पूर्ण पुसून घ्या. राहिलं तर चिकटपणा जाता जात नाही. दर हातामध्ये एक दिवस, पावसाळ्यात दोन; असे चार हात पुरतात. नेक बसते त्या खाचेला आधीच टेप लावा, तिथे तेल नको.

तेलकट फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकी आपोआप पेटू शकतात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा बाहेर एकेक पसरून ठेवा.

दोन आठवड्यांनी पांढरा रुमाल बॉडीवर जोरात घासा. काळा आला तर थांबा, नाही आला तर पिकअप्स बसवा.