घरातलं माणूस गेल्यानंतरची चित्रकथा: १६ पानांत कशी काढायची

घरातलं माणूस गेल्यानंतरच्या दिवसांची चित्रकथा काढायची असेल, तर सुरुवात अपघातापासून किंवा हॉस्पिटलपासून करू नका. तो दिवस अंगावर येतो आणि वही तिथेच मिटते. आधी वस्तू काढा: चष्म्याचं घर, दाराशी राहिलेल्या चपला, भिंतीवरचं कॅलेंडर.

कॅलेंडर तर जवळ जाऊन बघाच. त्यावर दुधाचे खाडे मांडलेले असतात. एका तारखेपर्यंत आईचं अक्षर, पुढे नुसते कोरे चौकोन, आणि दोन महिन्यांनी दुसऱ्याच कुणाच्या हातचं 'अर्धा लि.'. माणसं कशी सावरतात, ते या तीन चौकटींत एकही शब्द न लिहिता दिसतं. तिन्ही वेळा भिंत तीच, खिळा तोच, बघण्याचा कोनही तोच ठेवा, म्हणजे नजर बदललेल्या अक्षरावरच जाईल. पान ३, ७ आणि १४ वर या चौकटी टाका.

तो दिवस काढायचाच असेल तर जागा मधल्या पानांवर द्या, पण काढा बाकीची पानं झाल्यावर, शेवटी. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे, आणि तेव्हा घरात कुणीतरी असू द्या. झोप उडाली, जेवण जाईना, तर काम थांबवून बोला; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे.

आता कागद. मूळ चित्रं ए४ आकारात, जाड कार्ट्रिज पेपरवर काढा. छापताना ती ७१ टक्क्यांवर आणली की ए५ होतात. म्हणून ०.३ मिमीपेक्षा बारीक पेन वापरू नका, झेरॉक्समध्ये रेघ तुटते. शाई वॉटरप्रूफ हवी आणि खोडरबर अर्ध्या तासाने, नाहीतर फरकटते. पातळ शाईच्या करड्या छटा झेरॉक्सवर डागांसारख्या येतात. सावलीसाठी रेघाच मारा, त्यांत १ मिमी तरी अंतर ठेवून.

सगळ्यात जास्त चुका संवादाच्या फुग्यांत होतात. फुगा आधी काढला की मजकूर कोंबावा लागतो, आणि देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार असल्याने ओळी एकमेकींत घुसतात. पेन्सिलीने रेघा आखा: अक्षराची उंची ५ मिमी, दोन ओळींत ६ मिमी जागा. मजकूर लिहा, मग भोवती फुगा काढा.

शाई फिरवण्याआधी पेन्सिलीची पानं घरच्यांना दाखवा. कथेत तेही आहेत, आणि त्यांचं दुःख तुमच्यापेक्षा वेगळं असू शकतं. एखादी चौकट नको म्हणाले तर या टप्प्यावर ती खोडता येते. शाईनंतर अख्खं पान पुन्हा काढावं लागतं.

१६ पानांना मधोमध दुमडलेले ए४ चे ४ कागद लागतात. प्रत्येक बाजूला आलेल्या दोन पानांची बेरीज १७ व्हायला हवी: पहिल्या कागदावर १६ आणि १, त्याच्या मागे २ आणि १५, दुसऱ्यावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३, पुढे असंच. ८-९ ही जोडी एकाच बाजूला सलग येते, मोठं निःशब्द चित्र तिथेच टाका. स्कॅन ६०० डीपीआयवर, काळं-पांढरं. दुकानात 'आडव्या कागदावर, आखूड बाजूने उलटून' असं सांगा, नाहीतर मागची पानं उलटी छापली जातात. मध्यघडीवर दोन पिना लांब हाताच्या स्टेपलरने मारा. आतली पानं किंचित बाहेर डोकावतात, त्यामुळे कडा कापायची ती पिना मारून झाल्यावरच.