सोरायसिस आहे आणि सांधेही धरतात? मग काय करायचं

सकाळी कळण्याची भाकरी थापताना मामीची बोटं वळायची नाहीत. तासभर काम झालं की हात मोकळे. घरात सगळ्यांनी 'वात आहे' म्हणून सोडून दिलं. कोपरावरचे पांढरे पापुद्रे वीस वर्षांचे जुने, पण त्यांचा बोटांशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. ते पापुद्रे सोरायसिसचे, म्हणजे त्वचेच्या जुनाट आजाराचे होते. सोरायसिस असलेल्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत लोकांना सांध्यांचा हा आजार, म्हणजे सोरायटिक आर्थ्रायटिस, होऊ शकतो. बहुतेकांना आधी त्वचेचा त्रास होतो आणि सांधे काही वर्षांनी धरतात. काहींचं मात्र उलटं होतं.

आधी ओट्यावर उन्हात बसून नखं बघा. टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का? नख टोकाकडून सुटलंय का? हे बऱ्याचदा बुरशी समजून वर्षानुवर्षं मलम लावण्यावर जातं. मग केसांत, कानामागे, बेंबीत पापुद्रे आहेत का ते पाहा. डोक्यातला 'कोंडा' कधीकधी सोरायसिसच असतो.

आता सांधे. एखादं बोट सांध्यापुरतं न सुजता मुळापासून टोकापर्यंत फुगतं, अगदी वेलची केळ्यासारखं. नखाजवळचा शेवटचा सांधा दुखतो. सकाळी खाटेवरून उतरून पहिलं पाऊल टाकताच 'टाच दुखस' असं तोंडातून निघतं. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ अंग आखडलेलं राहतं आणि हालचालीने सैल होतं. झिजेच्या संधिवातात बहुधा याउलट, कामाने दुखणं वाढतं. कंबर पहाटे दुखून जाग आणत असेल तर तेही लिहून ठेवा.

हे जुळत असेल तर संधिवाततज्ज्ञ गाठा. ते जवळ नसतील तर धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. मात्र पापुद्रे झाकून बसू नका. डॉक्टर हात बघतात, कोपर आपणच दाखवावं लागतं. आर. ए. फॅक्टर ही संधिवाताची रक्ततपासणी बहुधा निगेटिव्ह येते, अंगातली सूज दाखवणाऱ्या ई. एस. आर. आणि सी. आर. पी. या तपासण्याही नॉर्मल असू शकतात, सुरुवातीचा एक्स-रेही स्वच्छ दिसतो. म्हणून 'रिपोर्ट चांगला आहे' ऐकून घरी परतू नका. सहा महिन्यांची दिरंगाईही हाडांना महागात पडू शकते.

त्रास सौम्य असेल तर सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या देतात. त्या मनाने घेऊ नका. भुसावळकडच्या 45 अंशांच्या उन्हात कमी पाणी पिऊन शेतात राबायचं आणि वर या गोळ्या, म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ. सांध्यांत सूज टिकली तर बहुधा आजारालाच आवर घालणारं मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू होतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची! रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मामीने दिवस ठरवला गावच्या आठवडे बाजाराचा. पिशवी हातात घेतली की गोळी आठवते. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी घ्यायचं, रक्त आणि यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी करायच्या, दारू बंद. मूल हवं असेल तर स्त्री असो वा पुरुष, आधीच सांगा. गरोदरपणात हे औषध चालत नाही.

त्यानेही भागलं नाही तर ॲडालिमुमॅब किंवा सेक्युकिनुमॅबसारखी बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे सूज वाढवणाऱ्या ठरावीक घटकांनाच अडवणारी औषधं आहेत. सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करून घेतात. खर्च मोठा असतो, म्हणून भारतात बनणाऱ्या ॲडालिमुमॅबबद्दल आवर्जून विचारा.

एका गोष्टीचा मला राग आहे. दोन दिवसांत दुखणं गायब करणारी पुडी. त्यात कधी स्टेरॉइड असतं, आणि ते एकदम थांबलं की त्वचेचा सोरायसिस उसळून येऊ शकतो. मामीच्या पाठीवर ते आम्ही पाहिलंय.

आजार जुना झाला की हाडं झिजतात, बोटं वाकडी होतात, आखूडही पडतात. ते औषधाने भरून येत नाही, पण पुढची झीज रोखता येते. तेव्हा औषधासोबत फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या, वजन उतरवा, विडी-सिगारेट सोडा. गुडघा किंवा खुबा पुरता गेला असेल तर सांधेबदल शस्त्रक्रिया आहे. डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. डोळ्याची सूज याच आजाराची असू शकते.

मामीचं उजवं मधलं बोट वाकडंच राहिलं. भाकरी आता डाव्या हाताने थापते, थोडी जाड होते.